कमिटी येईपर्यंत

कोळमळा,
२२ नोव्हेंबर

अंकित,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, पण उत्तर देत नाहीस. म्हणून कागद. फाडायचा असला तरी निदान हातात घ्यावा लागेल. कोइमतूरचा पत्ता तुझ्या मित्राकडून काढला, त्याच्यावर रागावू नकोस. पप्पांना यातलं काही ठाऊक नाही.

मम्मीच्या शोकसभेत तू सगळ्यांसमोर पप्पांना जे बोललास आणि त्यांनी तुला जे सांगितलं, ते तुमच्या दोघांचं. मी त्यात पडत नाही. मला एका गोष्टीवर तुझं मत हवंय. तू बांधकामातला माणूस, मी नुसती अर्थशास्त्र शिकवणारी.

कोळमळ्याचं कॉलेज तू आता ओळखणार नाहीस. संस्थेला कॉलेजचं विद्यापीठ करायचंय. जानेवारीत तपासणीची कमिटी येणार, म्हणून सगळ्या आवाराचं नूतनीकरण चाललंय. रस्त्यावर दगडी कमान झाली. ऑफिसच्या जुन्या भिंतीला काच लावली. पुढं हिरवळ, मध्ये कारंजं. आणि एका बाजूला पाहुण्यांसाठी 'सुमतीबाई अतिथिगृह'. मम्मीच्या नावाचं. पप्पांनी एकट्यानं किती दिले तो आकडा लिहीत नाही, तू पुढचं वाचणार नाहीस.

हा खर्च योग्य आहे का, असं स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी पुटपुटतं. संस्थेचे सचिव बाळासाहेब यांच्याकडं उत्तर तयार असतं. "म्याडम, कमिटी म्होरनं येती, मागनं न्हाई येत. एकदा दर्जा मिळाला की एमेस्सी हितंच. मग पुणं लांब पडतं म्हणून कुणी पोरीचं लगीन उरकायला नको." आणि अंकित, हे खोटं नाही. दर वर्षी माझ्या वर्गातल्या चांगल्या मुली तिसऱ्या वर्षानंतर नाहीशा होतात. कमानीमुळं त्यातल्या चार जरी थांबल्या तरी मी कमानीला नमस्कार करीन.

एकच अडचण झालीय. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे, तिथंच राहते. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहाची सगळी न्हाणीघरं नि संडास नवीन करायचे म्हणून पाडले. तेवढ्यात कमिटीचं पत्र आलं आणि प्लंबर, फरशीवाले सगळे अतिथिगृहावर गेले. मुलींसाठी मागं तारेच्या कुंपणाला लागून पत्र्याचे संडास उभे केलेत. कुंपणापलीकडं लगेच ऊस. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

बाकी ठीक. आवारातली कुत्री हल्ली दिसत नाहीत. बरंच झालं, फार भुंकायची.

डिंपलताई

५ डिसेंबर

अंकित,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

पलीकडच्या मळ्यात ऊसतोड सुरू झालीय. राजुरीकडून तोडत तोडत टोळी आमच्या बाजूला येतेय. जसा ऊस कमी होतो तसं त्यातलं जे काही असेल ते उरलेल्या उसात सरकतं. उरलेला ऊस म्हणजे आमच्या मागचा. हे मला कुणी सांगायला नको, आपण इथंच वाढलोय.

परवा सकाळी वॉचमन बहिरू मला मागं घेऊन गेला. पत्र्याच्या संडासांपुढं नळ गळून चिखल झालाय. त्यात ठसे होते.

"कुत्र्याचे असतील," मी म्हटलं.

"कुत्र्याला नख्या उमटत्यात म्याडम. ह्याला नख्या कुटं हायेत?"

मी बाळासाहेबांना फोन केला. ते लगेच आले, ठसे बघितले आणि बहिरूला त्यावर खडी पसरायला सांगितली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्याडम, त्या नावाचा उच्चार बी नको. पेपरात आलं की पालक पोरी घरी नेत्यात. कमिटीनं इचारलं मुली किती, तर काय रिकाम्या खाटा दाखवायच्या?"

"वनखात्याला कळवू. पिंजरा लावतील."

"पिंजरा काचेच्या भिंतीपुढं लई शोभंल. कमिटी जाऊ द्या. मग धा पिंजरं लावू."

पप्पांचं म्हणणंही तेच. कमिटी जाऊ दे. घरात, दुकानात, कॉलेजात सध्या सगळ्या गोष्टी कमिटी गेल्यावर होणार आहेत.

मुलींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, कुत्र्याचे ठसे होते. एकटीनं जाऊ नका, अंधाराआधी जाऊन या, बस्स. आता त्या पाच-सहाच्या घोळक्यानं जातात, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतात. हसतातही. बाळासाहेबांचं बरोबर असेल. उगाच घाबरवून काय मिळतं?

ताई

१३ डिसेंबर

अंकित,

मी तो बघितला.

आजचं नाही हे. मागचं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधीच्या संध्याकाळचं. लिहायला बसले तेव्हा हात धजला नाही. लिहिलं तर ते खरं होईल असं काहीतरी वाटलं.

दिवस मावळला होता, पण उजेड होता. मुली जायच्या आधी आपण एक चक्कर मारावी म्हणून मागं गेले. अतिथिगृहाची उरलेली वाळू तिथं टाकलीय. त्या ढिगावर तो बसला होता. मांजर उन्हाला बसतं तसा, पुढचे पाय जुळवून. मला आधी वाटलं कुणीतरी गोणपाट टाकलंय. मग गोणपाटानं मान वळवली.

मी ओरडले नाही. ओरडता आलं नाही.  त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं, कंटाळल्यासारखं. मग माझ्या मागं बघितलं. वसतिगृहाकडून जी पायवाट येते तिच्याकडं. अंकित, तो त्या वाटेकडं अशा नजरेनं बघत होता की तिथून कोण कधी येतं हे त्याला आता माहीत आहे.

मग उठला, आळस दिला, तारेखालून गेला. ऊस जरासा हलला.

मी परत आले. दारात मुली बादल्या घेऊन उभ्या होत्या. म्हटलं, तिकडची लाइट गेलीय, आज थोडं थांबा. बहिरूला काठी घेऊन पुढं पाठवलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलींना कुत्र्याचे ठसे म्हणून सांगितलं.

तेव्हापासून मला झोप नाही.  रोज संध्याकाळी मुली मोजून घेते. एखादी कमी भरली की ती सापडेपर्यंत जिवात जीव नसतो.

आणि आज आणखी एक लक्षात आलं. जेवणघरातलं पाण्याचं पिंप पूर्वी दिवसातून दोनदा भरावं लागायचं. आता ते संध्याकाळीही अर्धं भरलेलं असतं. मी एकीला विचारलं, तुम्ही पाणी पीत नाही का? ती दुसरीकडं बघून हसली. म्हणाली, "थंडी हाय ना म्याडम."

ताई

२० डिसेंबर

अंकित,

हर्षाली नावाची मुलगी आहे माझ्याकडं. भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका वाडीतली, आंबेगाव तालुक्यातली. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. वाडीतली इतकं शिकलेली पहिली मुलगी. वर्गात कमी बोलते, पण प्रयोगशाळेत गेली की तिला बाहेर काढावं लागतं.

मंगळवारी सकाळी ती उठलीच नाही. अंग भट्टीसारखं तापलेलं, दात वाजत होते, कमरेत अशी कळ की कुशीवर होता येईना. दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती पितेस?"

"पिते."

"किती?"

हर्षालीनं माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "सकाळी एक पेला."

"आणि मग?"

"मग न्हाई. मग जावं लागतं."

लघवी दाबून दाबून संसर्ग झाला आणि तो मूत्रपिंडापर्यंत पोचला. आणखी उशीर झाला असता तर रक्तात गेला असता, असं बाई म्हणाल्या. बाहेर येऊन मी दुपारपर्यंत बाकावर नुसती बसून राहिले. ज्या जनावराला मी इतकी भीत होते त्यानं तिला पंजाही लावला नव्हता.

संध्याकाळी तिचे वडील आले, जानकू. उंच, वाळलेला माणूस, खांद्यावर घोंगडी. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाई, बिबट्या आमच्याकडं बी हाय," ते म्हणाले. "रानच हाय त्ये. पन आमची पोर घरी पानी पिती."

त्यांनी घोंगडी खांद्यावर नीट केली.

"बरी झाली का घिऊन जातो तिला. एक पाव्हणं बगून बी गेल्यात मागं. शिकली तेवढं लई झालं."

हर्षाली सलाइन लावून पडली होती. डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीत गेलेलं मी बघितलं.

तिथून थेट जुन्नरला, पेठेत, आपल्या दुकानात गेले. पप्पा गल्ल्यावर होते.

"पप्पा, अतिथिगृह उघडा. आतली सगळी न्हाणीघरं तयार आहेत, पाणी चालू आहे. मुलींना वापरू दे."

"उद्घाटन व्हायचंय."

"मुली भीतीनं पाणी पीत नाहीत. एक दवाखान्यात आहे."

"आम्ही सूर्य मावळला की पाण्याचा थेंब घेत नाही. जन्म गेला. काय झालं?"

"तुमचं व्रत आहे, पप्पा. त्यांची भीती आहे. आणि तुम्ही दिवसभर पिता. त्या दिवसभर पीत नाहीत."

त्यांनी तराजूतली वजनं उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवली.  मग म्हणाले, "तुझ्या आईच्या नावाची वास्तू आहे. पहिल्यांदा कमिटी उतरेल, मान्यवर उतरतील. वापरलेली, ओली, केस अडकलेली दाखवू का? कमिटी जाऊ दे, डिंपल. त्यानंतर पहिलं काम तुझं."

"तोवर?"

"तोवर सांभाळ."

वसतिगृहात परतताना एस्टीच्या खिडकीतून कोळमळ्याची कमान दिसली. नवीन दिवे लावलेत तिला. लांबून फार सुंदर दिसते, हे तुला खरं सांगते.

ताई

३ जानेवारी

अंकित,

हे पत्र तू वाचशील की नाही माहीत नाही, पण हे मला लिहिलंच पाहिजे.

परवा, दिवस कलायच्या वेळेला, मुली मागं गेल्या होत्या. त्यातल्या पाच परत निघाल्या, सहावी, संस्कृती, अजून संडासात होती. तेवढ्यात उसातून तो आला. आलेल्या पाच जणींनी वळून बघितलं आणि किंचाळत धावत सुटल्या. मी जिन्यात होते. गच्चीवर धावले.

वरून सगळं दिसत होतं. पत्र्याच्या संडासांची रांग, एक दार बंद, आणि तो त्या दाराच्या बाजूनं चालत होता. घाई नव्हती. चालताना अंग पत्र्याला घासत होतं आणि पत्रा आत दबून परत बाहेर येत होता. ठण्ण. मग पुन्हा ठण्ण. आतून आवाज नाही. मला वाटलं, पोर भीतीनं आतच दगावली असेल.

मुलींनी ताटं आणली, गच्चीच्या कठड्यावर आपटायला लागल्या. बहिरूनं कंत्राटदाराचा ट्रॅक्टर चालू केला आणि दिवे लावून, हॉर्न दाबून धरून थेट त्याच्या अंगावर नेला. त्यानं ट्रॅक्टरकडं बघितलं. मला शपथ आहे, विचार केला त्यानं. मग तारेखालून गेला.

पण ऊस हलायचा थांबला तो कुंपणाजवळच. म्हणजे तो गेला नव्हता. बसला होता.

बहिरू ट्रॅक्टरवरूनच ओरडला, "ए पोरी, भाईर ये! गेला त्यो!"

दार उघडेना. मुली वरून हाका मारत होत्या. दार उघडेना. कुणीतरी तिथं जायला हवं होतं. मी रेक्टर होते.

कशी गेले आठवत नाही. वाट संपतच नव्हती. ट्रॅक्टरच्या दिव्यात माझीच सावली पत्र्यावर हलत होती आणि तिलाही मी दचकत होते. दारापाशी पोचले.

"संस्कृती, मी आहे. उघड."

"त्यो हितंच हाय."

"गेलाय बाळा. उघड."

"तुमी खोटं बोलताय." आवाज इतका बारीक होता, की मी कान पत्र्याला लावला. "तुमी कुत्रं म्हणला व्हता."

अंकित, इतक्या वर्षांत वर्गात मला कुणी उलटून बोललं नाही असं नाही. पण हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी उसाकडं पाठ करून दाराला टेकून खाली बसले, त्या चिखलात.

"होय," मी म्हटलं. "खोटं बोलले. बिबट्याच होता. मी त्याला आधी बघितलंय, वाळूच्या ढिगावर. तुम्हाला सांगितलं नाही. आता तो पुरता गेलाय का, ते मला माहीत नाही. कुंपणापलीकडं असेल. पण तुझ्या दाराला मी टेकून बसलेय. आधी मी आहे, मग दार, मग तू. मलाही फार भीती वाटतेय. तू बाहेर आलीस की आपण दोघी ट्रॅक्टरवर चढू."

कडी निघाली. तिनं मला अशी मिठी मारली की दोघी पडता पडता वाचलो.

त्यानंतर मी काही ठरवलं नाही. हातापायांनीच ठरवलं. मुलींना म्हटलं, गाद्या, बादल्या, पुस्तकं, सगळं उचला. बहिरूला म्हटलं, पहार आण. तो म्हणाला, "म्याडम, माजी नोकरी जाईल." मग मी पहार त्याच्या हातातून घेतली आणि सुमतीबाई अतिथिगृहाचं कुलूप मीच तोडलं. नीट तुटलंही नाही, दाराची चौकटही फुटली. मम्मीच्या नावाच्या पाटीखाली लाकडाचा सोललेला पांढरा भाग दिसतो आता.

आत गेल्यावर मुली कुठंच बसेनात. गालिच्यावर पाय ठेवायला घाबरत होत्या. मग एकीनं पाण्याच्या मशीनचा नळ सोडला, पेला भरून प्यायली. मग दुसरी. मग रांगच लागली. नुसता घोटांचा आवाज. काही जणी दोनदा, तीनदा रांगेत आल्या.

बाळासाहेब आणि पप्पा गाडीतून आले तेव्हा ही रांग चालू होती. बाळासाहेबांचा आवाज चढला होता. "कमिटी तोंडावर आलीय आन् ह्ये काय मांडलंय म्याडम तुमी? आत्ताच्या आत्ता खाली करा!"

"वसतिगृहातली न्हाणीघरं झाली की लगेच करू."

"अवो, पन तेवढ्यात कसं व्हनार त्ये?"

"ते तुम्ही बघा. तोवर या मुली मागं जाणार नाहीत. मी जाऊ देणार नाही. पिंजऱ्यासाठी वनखात्याला मी आत्ता फोन केलाय, माझ्या नावानं."

बाळासाहेबांनी तिथल्या तिथं सांगितलं, उद्यापासून तुम्ही रेक्टर नाही. मी म्हटलं, बरं.

 पप्पा दारात उभे होते, चप्पल काढावी की नाही हे ठरवता न आल्यासारखे. रांगेतल्या मुलींकडं बघत होते. संस्कृती भिंतीला टेकून बसली होती, ओढणीला चिखल. तिच्याकडं बघून मग माझ्याकडं बघितलं. माझ्याही साडीला तोच चिखल होता. ते चपला काढून आत आले, स्वतः पेला भरला, तिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी फरशीवाले वसतिगृहात आले होते.

ताई

२६ फेब्रुवारी

अंकित,

कमिटी आली आणि गेली. न्हाणीघरं त्याआधी दोन दिवस झाली, घाईघाईत, एका भिंतीची फरशी वाकडी आहे. चौकटीला पॉलिश करून फुटलेला भाग झाकला. कमिटीतल्या एका बाईंना कमान फार आवडली, तिच्यापुढं फोटो काढला त्यांनी. गेल्या आठवड्यात निकाल कळला. विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जूनपासून रसायनशास्त्राची एमेस्सी इथं सुरू होईल.

म्हणजे बाळासाहेब खोटं सांगत नव्हते. कमान नसती तर दर्जा मिळाला असता का, मला माहीत नाही. तो खर्च योग्य होता का, हे मी तुला पहिल्या पत्रात विचारलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस ते एका परीनं बरं झालं, कारण तू जे म्हणाला असतास ते मला पटलंही असतं आणि पुरलंही नसतं.

मी आता वसतिगृहात राहत नाही, जुन्नरहून येऊन-जाऊन करते. पिंजरा लागलाय. रिकामाच आहे. ऊस तुटला, सगळं मोकळं दिसतं, तरी मी त्या वाटेनं अजून गेलेले नाही.

एमेस्सीचं कळल्यावर पप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "ती दवाखान्यातली पोरगी कुठल्या गावची? चल, जाऊन येऊ." घोडेगावच्या पुढं पप्पा जन्मात गेले नसतील. वळणावळणानं त्यांना मळमळत होतं. जानकूंच्या अंगणात बाजेवर बसले आणि बराच वेळ नुसते घाम पुसत राहिले. मग म्हणाले, "परीक्षा जवळ आलीय. मुलीला पाठवा."

"पोरगीच न्हाई म्हणती, शेट. लगीन थांबवलंय म्या, तिच्यापायी. पन ती तिकडं जाया न्हाई म्हणती."

हर्षाली उंबऱ्यात उभी होती. बरीच वाळलीय. तिला पप्पांनी विचारलं, का?

"मला तितं भ्या वाटतं," ती म्हणाली. "बाथरूम नवीन झाली तरी वाटतं."

मला वाटलं, पप्पा समजावतील, पिंजऱ्याचं सांगतील. ते खाली बघत म्हणाले, "मलाही वाटतं. रोज डिंपल कॉलेजातून घरी येईपर्यंत मी दुकानात बसत नाही. दारात उभा असतो."

हे मला ठाऊक नव्हतं, अंकित. मी रोज परत येते तेव्हा ते गल्ल्यावर असतात. म्हणजे मी वळणावर दिसले की आत जाऊन बसत असणार.

"आमचं घर पेठेत आहे," पप्पा पुढं म्हणाले. "चारी बाजूंना माणसं. वर एक खोली आहे. परीक्षेपर्यंत राहू दे, पुढं एमेस्सीलाही राहू दे. डिंपलबरोबर जाईल, डिंपलबरोबर येईल."

जानकूंनी आधी पोरीकडं बघितलं. "शेट, आमची पोर मासळी, मटान खाती."

 पप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "घरात नको," म्हणाले. "बाहेर कुठं खाल्लं तर मी विचारणार नाही."

हर्षाली पहिल्यांदा हसली.

परवापासून ती आपल्याकडं आहे, तुझ्या खोलीत. तुझं सामान मी खोक्यांत भरून माळ्यावर ठेवलंय, काही टाकलेलं नाही. ती रात्रभर दिवा चालू ठेवते. पप्पा झोपायच्या आधी घरभर फिरून बटणं बंद करतात ते तुला माहीत आहे. तिच्या दाराखालचा उजेड त्यांना दिसतो. ते तिथून पुढं जातात.

काल जेवताना मी सांगून टाकलं की मी तुला पत्रं लिहिते. ते जेवत राहिले. मी म्हटलं, अंकित आला तर कुठं झोपेल, खोली तर दिली. पप्पा म्हणाले, "हॉलमध्ये गादी टाकू. आधी विचार, येतोय का."

म्हणून विचारतेय.

डिंपलताई